देवापाशी ठेवलेला मासा

आबा,

आज सकाळी शहरात शर्यत होती. मी पळाले नाही, चालले. माझ्या वयाच्या बायकांचा पाच किलोमीटरचा वेगळा गट असतो, त्यात चाललं तरी कुणी काही म्हणत नाही. केशरी रंगाचा टी-शर्ट देतात आणि छातीवर नंबर लावतात. सून म्हणाली, आई, गुडघे सांभाळा. तिला वाटलं मी गुडघ्यांसाठी चालले आहे. गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात मार्गाचा नकाशा आला होता आणि त्यावर दोन ठिपके होते. एक ब्रह्मपुरीच्या टेकाडाखाली, त्याच्याशेजारी छापलं होतं, रोमन काळाच्या खुणा. दुसरा पुढच्या वळणावर, कलादालन. पत्ता वाचला तेव्हा कळलं की ते कलादालन म्हणजे वकिलांचा बंगला. वकील तुमच्यानंतर गेले, मुलगा परदेशी राहिला, आता नातीनं बंगल्यात चित्रं टांगली आहेत. खाली बारीक अक्षरात होतं की छातीवर नंबर असलेल्यांना आज आत फुकट सोडतील आणि तिथला रोमन मासा पाहता येईल. मी काल दार लावून घेतलं. कपाटातून आपला मासा काढला. तोंडाच्या टोकापासून पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत पांढरा दोरा धरला आणि गाठ मारली. तो दोरा रुमालात बांधून आज चालले.

तुम्हाला मासा एवढं म्हटलं तरी पुरे. पण साक्षीदाराला विचारतात तसं मला सगळं पहिल्यापासून मांडून पाहायचं आहे. इतकी वर्षं मी या बाबतीत तुमच्यावर संशय घेत आले, आणि संशय क्रमानं मांडला नाही तर तो नुसता राग होतो. तर, वकिलांनी टेकाडाच्या पलीकडे बंगला बांधायला काढला तेव्हा पायाच्या चरात गवंड्याला तो सापडला. वीतभर लांब, पाठीला बाक, तोंड चोचीसारखं पुढं आलेलं. पुस्तकात त्याला डॉल्फिन म्हणतात, आपल्या घरात तो मासाच. रोमन लोकांची जहाजं कोकणच्या बंदरांना लागायची, तिथून घाट चढून माल इथवर यायचा, असं वकील सांगायचे. जमिनीत सापडलेली अशी वस्तू सरकारला कळवायची असते, हेही त्यांना माहीत असणार. वकीलच ते. पण त्यांनी ती दिवाणखान्यात ठेवली. मग कुणा मोठ्या पाहुण्याला भेट द्यायला त्यांना तिची नक्कल हवी झाली, अगदी तशीच जुनी दिसणारी, आणि त्यांनी तुम्हाला बोलावणं धाडलं. शिवाजी पेठेत साचे घेणारे आणि ओतकाम करणारे तेव्हा बरेच होते. तुम्हालाच का बोलावलं ते मला ठाऊक नाही. आठ दिवसांची मुदत होती.

तुम्ही मासा टॉवेलात गुंडाळून आणलात आणि आईच्या हातात दिलात. "परक्याची वस्तू हाय. देवापाशी ठिव." आपल्याकडे तो रिवाजच होता. शेजारणीचं मंगळसूत्र असो की कुणाच्या शेताचे कागद, दुसऱ्याचं काही घरात आलं की ते देव्हाऱ्यात. कपाटाला कुलूप नव्हतं, पण देव्हाऱ्याला कुणी हात लावत नसे. साचा घेऊन झाल्यावर मासा पुन्हा तिथं गेला, बाळकृष्णाच्या शेजारी. पुढच्या खोलीत तुमचं काम, मागच्या खोलीत आईची चूल, मध्ये एक पडदा. मी पडद्यापाशी बसून पाहते आहे. तुम्ही मेणाचा मासा साच्यातून सोडवता, नखानं शिवण खरवडता, आणि न विचारता सांगता, "धातू ओतला की आंग चोरतोय बघ. गरम हाय तवर फुगून बसतोय, गार झाला की आवळतोय. म्हणून नक्कल कवाबी मुळापेक्षा बारकी. डोळ्याला कळत न्हाई. दोऱ्याला कळतंय." मग तुम्ही दोन्ही मोजून दाखवलंत. गार झालेली नक्कल तांदळाच्या दाण्याएवढी आखूड होती. मला ती जादू वाटली. तुमच्याजवळ एवढं एक मोजमाप होतं आणि ते तुम्ही मला दिलंत. पुढं ते तुमच्यावरच लावलं जाईल असं तुम्हाला वाटलं नसणार.

घटस्थापनेला दोन दिवस होते. गोधड्या नदीवर धुऊन आल्या होत्या, घर सारवून झालं होतं, आणि मोरीत चिंच भिजत घातली होती. दसऱ्याच्या आधी देवाची सगळी भांडी घासायची असतात. तुम्ही दुपारी बाहेरून जेवायला आलात तेव्हा पाटावर उन्हात सगळं पालथं घातलेलं होतं, समई, ताम्हण, पळी, निरांजन, घंटा. शेवटी मासा. दोन हजार वर्षांचा हिरवा थर गेला होता आणि तो बाजारातून आजच आणल्यासारखा पिवळा झगझगत होता. तुम्ही उंबऱ्यातच थांबलात. चपला काढल्या नाहीत. "ह्यो कुणी घासला?" तुम्ही हळू विचारलंत. हळू विचारलंत म्हणून मी घाबरले. मी म्हणाले, आईनं. चुलीपाशी आई वळली, माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. "चुकलं माझं," ती म्हणाली. "देवातली भांडी हुती, त्यात गेला." तुमचा आवाज तेव्हा चढला. "जमिनीत एवढी वर्सं पडला हुता, गांडुळांनी ठिवला, पाण्यानं ठिवला. तुझ्या चिंचंनं अर्ध्या तासात सोलला! डोळं हायत का बटनं लावल्यात?" शेजारच्या तालमीतली पोरं खिडकीशी येऊन उभी राहिली. भाकरी ताटात वाळली. त्यानंतर घरात काही फुटलं, सांडलं, करपलं की तुम्ही म्हणायचात, "चिंच लावलीस काय गं?" पाहुण्यांसमोरही म्हणायचात. पाहुणे हसायचे. आईही हसायची.

उरलेल्या दिवसांत तुम्ही काय काय केलंत ते मी पाहिलं आहे. हिरवा थर चढवायला नवसागर, मीठ, शिरका, ओला भुसा. नक्कल आधीच त्यात पुरलेली होती, तिनं रंग छान धरला, पाठीवर मोरपंखी आणि खाचांत काळपट. मूळ मात्र ऐकेना. पाठीवर दोन डाग पडले, पोट पिवळंच राहिलं. मुदतीच्या दिवशी तुम्ही दोन टॉवेलांत दोन मासे गुंडाळलेत आणि शाळेला सुट्टी होती म्हणून मला बरोबर घेतलंत. दिवाणखान्यात वकील आणि त्यांचे दोन स्नेही चहा पीत होते. तुम्ही टेबलावर मासे मांडलेत. हिरवा पुढं ठेवलात, पिवळट मागं. ही गोष्ट मी अनेकदा तपासली आहे. हिरवा तुम्ही पुढं ठेवलात. वकिलांनी चष्मा लावला, हात लांब केला आणि हिरवा उचलला. "हा माझा. हजारात ओळखीन." मग दुसऱ्याकडे बघितलं. "आकार साधलाय हो तुम्हाला. पण ह्यात जान नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो हात कुठं आणि पेठेतला हात कुठं." स्नेही हसले. "हा पाहुण्याला कसा द्यायचा? घेऊन जा. पोरीला खेळायला द्या." तुम्ही तोंड उघडलंत. "वकीलसाहेब," म्हणालात. "काय?" त्यांनी विचारलं. तुम्ही तुमच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलात. "काय न्हाई," म्हणालात.

परत येताना टेकाडाच्या पायथ्याशी तुम्ही बसलात. नदीवर कुणी म्हशी धूत होतं. मी विचारलं, "आबा, त्यांनी खोटा घेतला?" तुम्ही चपलेतला खडा काढलात. मी पुन्हा विचारलं. "त्यानं निवडला," तुम्ही म्हणालात. "म्या न्हाई." आणि मग हसलात. आवाज न करता, खांदे हलवत. मला ते हसू आवडलं नाही. दहा वर्षांच्या पोरीला हसण्याचे प्रकार कळत नाहीत, पण ते अंगावर राहतात. माझा संशय तिथून सुरू होतो. तुम्ही नकलेचा रंग मुद्दाम जास्त जमवलात का? मूळ मुद्दाम डागाळ ठेवलंत का? तुमच्या हाताला नावं ठेवणारा माणूस तुमच्याच हातच्या वस्तूला दोन हजार वर्षांची म्हणतो आहे, याची चव तुम्हाला त्या टेबलापाशी लागली, की ती तुम्ही आठवडाभर आधीच योजली होती? उठताना तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईला सांगू नको." प्रामाणिक माणसाला हे वाक्य लागत नाही, असं मी पुढं ठरवलं.

मासा परत आला म्हणजे तो नक्कलच असणार, असं आई समजली. तुम्ही तो देव्हाऱ्यात ठेवला नाहीत, मिठाच्या बरणीमागे फळीवर ठेवलात. म्हणजे तो आता परक्याचा नव्हता, असं तुम्ही स्वतःला सांगितलं होतं का? गडहिंग्लजच्या कॉलेजात मला मराठी शिकवायची नोकरी लागली तेव्हा तुम्ही स्टँडवर आला होता. एसटी फलाटाला लागली होती, कंडक्टर ओरडत होता, आणि तुम्ही खिडकीतून त्याच टॉवेलात गुंडाळलेला मासा आत सारलात. "ठिव. इकायचा न्हाई, दावायचा न्हाई." मी म्हणाले, "आबा, मुद्दाम केलंत का ते तरी सांगा." गाडी सुटली. तुम्ही हात वर केलात, तो निरोपाचा होता की गप्प बस म्हणणारा, तेही मला ठरवता आलं नाही. त्यानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी नोकरीभर मुलांना शिकवलं की गोष्टीतला माणूस काय बोलतो त्यापेक्षा कुठं थांबतो ते बघा. हे मी तुमच्यावरून शिकले होते. वर्गात ते सांगितलं नाही.

आजचं सांगते. सकाळी गार होतं. पुढच्या पोरी पळत गेल्या, आम्ही पाचसहा बायका मागं राहिलो. पाण्याच्या टेबलापाशी एक पोरगी ओरडली, "ओ काकू, पळा की वाईच! मागनं म्हशी याय लागल्यात!" खरंच येत होत्या. म्हशींनी आम्हाला गाठलं, काही वेळ आम्ही एकत्र चाललो, मग त्या पुढं गेल्या. टेकाडाखाली बाण असलेला फलक होता, रोमन काळाच्या खुणा. माझ्या बरोबरीची एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कुठाय वो रोमन?" तिनं विचारलं. दुसरी म्हणाली, "ती पडकी भिंत असंल." "ती व्हय? ती आमच्या मावसदिराच्या गोठ्याची हाय. गेल्या पावसात पडली." दोघी हसल्या आणि तरीही त्यांनी भिंतीपुढं उभं राहून फोटो काढला. मी त्या जागेकडे बघितलं जिथं तुम्ही बसला होता. तिथं आता बाक आहे. मी बसले नाही.

बंगल्याच्या फाटकाशी वकिलांची नात स्वतः उभी होती. पस्तिशीची असेल, केस बारीक कापलेले, बोलायला मोकळी. भिंतींवर पंचगंगेची, घाटाची, कुस्तीच्या आखाड्याची चित्रं होती. दिवाणखान्याच्या मध्यभागी काचेची पेटी, तिच्यात हिरवा मासा. खाली लिहिलं होतं, रोमन, ब्राँझ. मी वाकले. पाठीवरचा मोरपंखी रंग मी ओळखला. मी म्हणाले, माझे वडील पेठेत ओतकाम करायचे. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "शिवाजी पेठेत? म्हणजे तुम्ही त्यांची मुलगी? आजोबांच्या वहीत आहे की! एका कारागिराला नक्कल करायला दिली, जमली नाही, परत दिली, असं लिहिलंय." जमली नाही हे तिनं जरा चाचरत सांगितलं. मग माझं मन राखायला म्हणून पेटी उघडली, हातमोजे घातले आणि मासा बाहेर काढला. "आम्ही आता सरकारदरबारी नोंद केलीय काकू. आजोबांचं राहून गेलं होतं." राहून गेलं होतं, हे शब्द मी मनात नोंदवले. मी रुमाल सोडला. "दोऱ्यानं मोजू का? वडील असं मोजायचे." "मोजा की!" ती हसली आणि तिनं मोबाइल वर धरला. ती चित्रण करते आहे हे मला उशिरा कळलं. कशासाठी, ते विचारायचं धाडस झालं नाही. मी तोंडाशी दोरा धरला, पाठीवरून नेला, शेपटीच्या टोकाशी बोट ठेवलं. गाठ बोटाच्या पुढं होती. तांदळाच्या दाण्याएवढी.

तुम्ही मला हेच एक शिकवलं होतं आणि ते खरं निघालं. काचेतला मासा तुमचा. कपाटातला त्यांचा. "किती भरला?" तिनं विचारलं. "वीतभर," मी म्हणाले. ती मासा पुन्हा पेटीत ठेवत होती, अगदी जपून, आणि पाठमोरीच बोलली, "काकू, ती न जमलेली नक्कल तुमच्याकडं असेल तर द्या ना. दोन्ही शेजारी ठेवू. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, लोकांना फरक कळेल." हे तिनं सहज विचारलं असेल. किंवा तिला काही माहीत असेल, वहीत आणखी काही असेल, म्हणून तो मोबाइल. मी तिच्या चेहऱ्यात शोधलं, मला काही सापडलं नाही. ती वळून माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. "नाही," मी म्हणाले. "वितळवली असेल त्यांनी." ती हळहळली. फाटकाशी एका मुलानं माझ्या गळ्यात पदक घातलं. पदकावर मासा आहे, आबा. काचेतल्या माशाचा फोटो घेऊन केला आहे. आज शहरात जो तो तुमचा मासा गळ्यात घालून वडापाव खात होता. मला आनंद झाला. तो बराच वेळ टिकला, आणि टिकला तसा मला माझाही संशय येऊ लागला.

घरी येऊन मी कपाटातला मासा टेबलावर ठेवला. पोट अजून पिवळं आहे. आज हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं की हिरवा मासा तुम्ही पुढं ठेवलात तो कदाचित फक्त लाजेपोटी. सोललेला मासा लपवायचा होता. वकील रागावतील, मग विचारतील कुणी केलं, आणि तुम्हाला बायकोचं नाव सांगावं लागेल. घरात जिला एवढं बोललात तिचं नाव त्या तीन माणसांसमोर घ्यायचं नव्हतं म्हणून तुम्ही "काय न्हाई" म्हणालात. असंही झालं असेल. हसलात ते नंतरचं. आणि आईला सांगू नको म्हणालात, कारण आपल्या चिंचेमुळे नवऱ्याच्या घरात परक्याचा माल अडकला हे तिला कळलं असतं तर ती रात्रभर झोपली नसती. हे सगळं इतक्या वर्षांत मला सुचायला हवं होतं. माझं शिक्षण त्याच कामाचं होतं. सुचलं नाही, कारण तुम्ही चोर ठरलात की गोष्ट तुमच्यापाशी थांबत होती. त्याच्या मागं, मोरीपर्यंत, कुणाला जावं लागत नव्हतं.

उद्या त्या मुलीला मासा नेऊन देईन की नाही ते मला माहीत नाही. दिला तर ती विचारेल, हा असा पिवळा कसा. हे पत्र कुणाला धाडायचं झालं तर तिलाच धाडावं लागेल. तूर्त ते मी टॉवेलात माशाबरोबर गुंडाळून ठेवते आहे. पदक आईच्या फोटोला अडकवलं होतं, सून विचारेल म्हणून काढलं. तुम्ही शेवटच्या आजारात पाणी सांडलं तेव्हाही तिला म्हणाला होता, चिंच लावलीस काय गं, आणि ती हसली होती, आणि मी खाटेच्या पायाशी उभी होते. आबा, त्या दुपारी आई चुलीपाशीच होती. मोरीत मी एकटी होते.